आपले दोन आकडे



खर्ड्याची लढाई कधी झाली, असं झोपेतून उठवून विचारलं तरी आपण सांगू: ११ मार्च १७९५. लढाई आपल्या गावची, म्हणून सरांनी तारीख पाठच करून घेतली होती. पण स्वतःच्या रक्तदाबाचे दोन आकडे किती जणांना सांगता येतील?

मलाही आले नसते. चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या तपासणीत माझा रक्तदाब १६४/१०२ निघाला. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. म्हटलं, जिना चढून आले म्हणून असेल. रात्री आई आठवली. "आता बरं वाटतंय" म्हणून तिनं गोळी बंद केली होती. आठ महिन्यांनी तिला लकवा मारला. उजवा हात पुन्हा नीट चाललाच नाही. सकाळी उठून मी डॉक्टरांकडे गेले.

मी कॉम्प्युटरवाली. आमच्या कामात 'ठीक वाटतंय' याला किंमत नसते, नोंद बघावी लागते. इथंही तसंच आहे. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवत नाही; पण मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडांचं नुकसान करत राहतो. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर तो उच्च रक्तदाब.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला आणि तोंड बंद. शेवटची अट आपल्या वर्गाला जड जाईल!

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. त्यात पापड, लोणचं, फरसाण आणि कोल्हापूरकडं ज्याला आपल्या गावाचं नाव आहे तो ठेचाही आला. रोज अर्धा तास चाला. आणि गोळी चालू असताना आकडे उतरले, तर ती गोळीची कमाई समजा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडू नका.

हे अवघड नाही. आपल्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथं शाळेची पायरीही न चढलेल्या बायका रक्तदाब तपासायला शिकल्या, गावाचं आरोग्य सांभाळू लागल्या. आपण तर याच शाळेत शिकलोय.

शेजारच्या वर्गात मी मशीन ठेवलंय. जेवणाआधी रांग लावा. सर, पहिला नंबर तुमचा.