दोघींतली एकटी

यवतमाळहून पूर्वेला जा की पश्चिमेला, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र काही भेटत नाही. मग शिडाच्या बोटीची गोष्ट इथं कशाला? तर प्रशांत महासागरात पॉइंट नेमो म्हणून एक जागा आहे. समुद्र आपल्यापासून जेवढा दूर, त्याच्या जवळजवळ पाचपट तिथून जमीन दूर: 2,688 किलोमीटर. 30 जानेवारी 2025 रोजी नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. ‘तारिणी’ ही शिडाची बोट घेऊन तिथून गेल्या. जाताजाता गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी पाण्याचे नमुनेही त्यांनी घेतले.

‘तारिणी’ 56 फुटांची. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून निघालेली ही बोट पृथ्वीला वळसा घालून 29 मे 2025 ला गोव्यातच परतली, तीही वाऱ्याच्या जोरावर.

तुम्ही म्हणाल, दोघी होत्या, सोबत तर होती. पण एक झोपली की वारा, शीड, समोरून येणारं जहाज, सगळं दुसरीच्या एकटीवर. रात्रीची लाइन आली की ओलिताला जाणाऱ्यांना हे जागरण वेगळं सांगायला नको. माझ्या मते हा एकटेपणाच होता, पाळीनं वाटून घेतलेला.

पाळी घ्यायलाही कुणी नसलेल्या बाया आहेत. पोलंडच्या क्रिस्टीना होइनोव्स्का-लिस्कीएविच 1976 ला निघाल्या आणि 1978 मध्ये एकटीनं जगप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली स्त्री ठरल्या. जहाजबांधणीच्या इंजिनिअर त्या. मोडलं-तुटलं दुरुस्त करणं ओळखीचं. अशा सफरीत धाडसाचं कौतुक फार होतं, पान्हा-पक्कडीचं कुणी करत नाही.

आणि दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर. 2022 ची जगप्रदक्षिणेची गोल्डन ग्लोब शर्यत: बोटीवर एकच माणूस, वाट शोधायला उपग्रहाची मदत नाही, ती सूर्य-ताऱ्यांवरून, सेक्स्टंटनं शोधायची. हिंदी महासागरात फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांची बोट बुडाली. कर्स्टननी शर्यत बाजूला ठेवली, रात्रभर स्वतः सुकाणू धरलं, तराफ्यावरच्या लेहतिनेनना गाठलं, मालवाहू जहाजाच्या हवाली केलं आणि पुन्हा वाटेला लागल्या.

27 एप्रिल 2023 ला शर्यत जिंकली ती त्यांनीच. दुसरे आले आपले भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी. दिलना आणि रूपा यांना तयार केलं ते या टॉमींनीच.