गोळी कुणाला द्यायची?

वरंध घाटाच्या पायथ्याला आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला जे धनगरवाडे आहेत, तिथे शेळ्या, म्हशी, राखणीची कुत्री आणि माणसं एकाच आवारात राहतात. हायडॅटिड नावाच्या रोगाला याहून जास्त काही लागत नाही. त्याचा पट्टकृमी जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा, आणि तो कुत्र्याच्या आतड्यात असतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर येतात. शेळीने ती चरताना गिळली की तिच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ धरते. बकरं कापताना ती गाठ कुत्र्यापुढे पडली की चक्र पुरं झालं. माणूस या चक्राबाहेरचा. हाताला लागलेली अंडी पोटात गेली की त्यालाही गाठ होते, पण त्याच्याकडून रोग पुढे कुणाला जात नाही.

अशा रोगांवर जगाकडून येणाऱ्या मदतीबद्दल बोलायचं ते या चक्रापासूनच. जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला आहे. कोणत्याही वेळी जगात दहा लाखांहून अधिक लोकांना तो असतो आणि उपचार व जनावरांचं नुकसान मिळून वर्षाला 3 अब्ज डॉलर जातात, असा तिचा अंदाज आहे. पण अशा रोगांसाठीची मदत बहुतेक माणसांसाठीच्या गोळ्यांच्या रूपाने येते. हत्तीरोगात ते बरोबर आहे, कारण तिथे जंताचा साठा माणसातच असतो. इथे सगळ्या गावाला गोळ्या वाटल्या तरी कुत्र्यातला जंत जागचा हलत नाही. शाळेत जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोलची एक मात्रा या गाठीला पुरत नाही. त्यासाठी तेच औषध महिनोन्‌महिने घ्यावं लागतं, आणि अनेकदा शस्त्रक्रियाही. म्हणून माझं म्हणणं असं, की मदत मागायचीच तर ती गुरांच्या दवाखान्यासाठी मागावी. कुत्र्यांना वर्षातून किमान चारदा प्राझिक्वांटेल हे जंतनाशक, कोकरांना लस आणि कापलेल्या जनावराचे टाकाऊ भाग पुरायला खोल खड्डा, एवढंच ते काम.

यावर पहिला आक्षेप येईल तो रुग्णांच्या संख्येचा: असे रुग्ण आहेत तरी किती? गाठ वर्षानुवर्षं काही त्रास देत नाही. देते तेव्हा माणूस पुण्या-मुंबईला जातो, आणि तिथल्या कागदावर त्याच्या वाडीचं नाव येईलच असं नाही. रुग्ण दिसत नाहीत ते पुष्कळदा यामुळे. शिवाय मदत आकड्यांच्या मागे जाते, हे महाडकरांना नव्याने सांगायला नको. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं मरत होती. डॉ. हिंमतराव बावस्करांनी इथल्या रुग्णांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि मग जगाने लक्ष दिलं. खाटकाने पाहिलेल्या गाठींची साधी वही ठेवली तरी ती सुरुवात होईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आइसलँड आणि न्यूझीलंड यांनी हा रोग हटवला, पण ती बेटं. तिथल्या कुत्र्यांना मालक होते, आपल्याकडे मोकाट. हे मान्यच करायला हवं. महाडच्या बाजारातल्या प्रत्येक कुत्र्याला दर तीन महिन्यांनी गोळी चारता येईल असं कुणी सांगू नये. मात्र धनगरवाड्यातलं कुत्रं मोकाट नसतं. त्याला नाव असतं, भाकरी घालणारा ठरलेला असतो. आइसलँडने 1864 साली सुरुवात केली तीही औषधाने नव्हे. क्राबं नावाच्या डॅनिश संशोधकाची छोटी पुस्तिका घरोघर वाटून केली. न्यूझीलंडला तात्पुरतं रोगमुक्त जाहीर व्हायला 2002 उजाडलं. म्हणजे हे काम पिढ्यांचं, आणि परदेशी प्रकल्प तीन-पाच वर्षांचे. त्यामुळे बाहेरचा पैसा लस आणि तपासणीच्या साधनांवर लागावा. गोळ्यांचा खर्च मात्र पहिल्या वर्षापासून जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धनाच्या अंदाजपत्रकातच असावा. प्रकल्पाची जीप परत गेल्यावरही दर तीन महिन्यांनी वाडीवर कुणीतरी चढायला हवं, आणि त्याचा पगार इथूनच निघणार आहे.