परवान्याची किल्ली

सुरत-धुळें महामार्गावरील विसरवाडीस एखाद्या झेरॉक्सच्या दुकानदारानें विंडोजचा परवाना तिऱ्हाईत विक्रेत्याकडून स्वस्तांत घेतला, असें समजा. हातीं येते ती केवळ २५ अक्षर-अंकांची किल्ली. प्रथम ती चालते. कांहीं महिन्यांनीं मात्र परवाना अमान्य असल्याची सूचना पडद्यावर झळकते. विक्रेता कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनी विक्रेत्याकडे.

याचें कारण असें कीं, कांहीं किल्ल्या मोठ्या संस्थांना त्यांच्याच वापरापुरत्या दिलेल्या असतात. कांहीं नव्या यंत्राबरोबर येतात व त्याच्या मदरबोर्डाशीं जखडलेल्या राहतात. म्हशीबरोबर दावें मिळावें, पण तें दुसऱ्या म्हशीला बांधूं नये, असा हा विलक्षण करार!

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २ मार्च २०२१ रोजीं, करविषयक खटल्यांत कां होईना, ग्राहकाला प्रत वापरण्याची मुभा मिळते, प्रताधिकार नव्हे, असें म्हटलें. युरोपीय न्यायालय २०१२ सालीं याच्याहि पुढें गेलें होतें: स्वतःची प्रत निकामी केल्यास कायमचा परवाना दुसऱ्यास विकतां येतो, असा त्याचा निर्णय. विसरवाडीच्या दुकानदाराला त्याचा काय उपयोग? त्याच्याजवळ मूळ परवानापत्र नाहीं, पक्की पावतीहि नाहीं. आणि प्रवेशाची मुदत उद्यां संपणार म्हणून मुलें अर्ज छापून घेण्यासाठीं दारांत उभीं आहेत.