शंभर रुपयांचे घर

'श्री ४२०' हा बोलपट १९५५ साली आला. राज कपूरचे फाटके बूट आणि हसरा चेहरा पुष्कळांना आठवत असेल. चित्र हसवतं खरं. पण हसता हसता मोठी गोष्ट सांगून जातं.

अलाहाबादचा राजू नोकरीसाठी मुंबईस येतो. जवळ काय, तर पदवी आणि प्रामाणिकपणाबद्दल मिळालेलं पदक. पोटासाठी तो ते पदकच गहाण टाकतो! फुटपाथवर त्याला माणसं मात्र लाखमोलाची भेटतात. केळीवाली गंगामाई, म्हणजे आपल्या ललिता पवार, त्याच्यावर आईसारखी माया करते. विद्या नावाची गरीब मास्तरीण, नर्गिस, त्याला जीव लावते.

पुढे त्याची पत्त्यांतली हातचलाखी पाहून माया नावाची एक बाई त्याला श्रीमंतांच्या क्लबात नेते. तिथं सेठ सोनाचंद त्याला हाताशी धरतो. शंभर रुपयांत घर, अशी योजना निघते. फुटपाथवरची माणसं पै पै करून साठवलेले पैसे घेऊन येतात.

आता पाहा, सेठजीला राजू कशाला हवा होता? गरीब माणूस सेठवर भरवसा ठेवीलच असं नाही. पण आपल्यातल्या राजूवर ठेवील. ठकाचं खरं भांडवल म्हणजे हा गरिबाचा विश्वास. हे उमगतं तेव्हा राजू सेठचा डाव सेठवरच उलटवतो. गरिबीवर उपाय लबाडी नव्हे, हिंमत आणि मेहनत आहे, असं तो लोकांना सांगतो.

४२० हे भारतीय दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली आणि फसवणूक ३१८व्या कलमात गेली. आकडा बदलला, सोनाचंद काही बदललेला नाही. दामदुप्पट योजना घेऊन तो गावात स्वतः येत नाही. ओळखीच्याच कुणाला तरी पुढं करतो. तेव्हा माणूस आपला असला, तरी कागद तपासा आणि पावतीशिवाय पैसा देऊ नका.

आणि गुरुजी, बाई, आपण वर्गात मुलांना एवढंच विचारा: राजू चुकला केव्हा? पदक गहाण टाकलं तेव्हा, की गरिबांचा विश्वास गहाण टाकला तेव्हा? मुलांना भांडू द्या. उत्तर त्यांचं त्यांना सापडेल.