आठवड्याचा बाजार आणि मुलाचे ताट

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त कोयनानगर येथे आयोजित माता-पालक मेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले आहे. आहारावर बोलण्याचा माझा अधिकार तेवढाच, की रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचे बिल माझ्या टेबलावरून जाते आणि मुलाला घरी नेताना बाप खिशातले पैसे कसे मोजतो, हे मला खिडकीतून दिसते. वैद्यकीय बाजू आमच्या डॉक्टर मंडळींनी तपासून दिली आहे. हिशेब मात्र माझा आहे.

बालरोग विभागातून घरी जाताना पालक हमखास एक प्रश्न विचारतात : "साहेब, ताकदीसाठी कोणती पावडर घेऊ?" डॉक्टरांनी लिहून दिलेली नसतानाही अनेक जण उसनवारी करून तो डबा घेतात. डबा पंधरा-वीस दिवसांत संपतो, उसने पैसे फेडायचे तसेच राहतात आणि त्या महिन्यात घरातली डाळ आणखी पातळ होते. मुलाच्या प्रेमापोटी केलेल्या खर्चाने मुलाचेच ताट रिकामे व्हावे, याचे वाईट वाटते. आजचा विषय मी त्यामुळेच निवडला.

प्रथम लहान खर्च पाहू. घरात दोन मुले आहेत आणि शाळेच्या वाटेवरच्या दुकानात प्रत्येकी पाच रुपयांची एक कुरकुरीत पुडी रोज घेतली जाते, असे धरा. महिन्याचे तीनशे रुपये झाले. आता हेच तीनशे रुपये आठवड्याच्या बाजारात नेऊ. भाव वर-खाली होतात, म्हणून मी सोयीचे आकडे धरतो. हुलगे शंभर रुपये किलो धरले, तर तीन किलो येतात आणि त्यांत सुमारे ६६० ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाणे दीडशे रुपये धरले, तर दोन किलोंत सुमारे ५०० ग्रॅम. अंडे सात रुपयांना धरले, तर ४२ अंडी, म्हणजे सुमारे २५० ग्रॅम. दूध साठ रुपये लिटर धरले, तर पाच लिटरांत सुमारे १६० ग्रॅम. आपल्या भागातले भाव घालून हा हिशेब घरी पुन्हा करावा. क्रम फारसा बदलणार नाही.

याचा अर्थ दूध बंद करा असा कोणी घेऊ नये. अंड्यातली प्रथिने सर्वांत उत्तम प्रतीची असतात, शिवाय दूध-अंड्यांतून मिळणारे ब-१२ जीवनसत्त्व हुलग्यात नसते. सांगायचे एवढेच, की "आम्हांला परवडत नाही" हे वाक्य उच्चारण्यापूर्वी हुलग्याचा भाव विचारावा. कडधान्यातली उणीव धान्य भरून काढते आणि धान्यातली कडधान्य. भाकरीबरोबर पिठले, भाताबरोबर आमटी ही जोडी आपल्या आजी-पणजींनी कोणतीही प्रयोगशाळा न पाहता जमवली होती. सातारा जिल्हा तर या बाबतीत श्रीमंत आहे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तो आपल्या मुलांच्या ताटात किती वेळा येतो?

नाचणीबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण ती आपल्या डोंगराची आहे. पाटण तालुक्याच्या उतारांवर नाचणी आणि वरी पिकत आली. पुढे रेशनचा गहू-तांदूळ आला, तरुण मंडळी मुंबईला गेली, डोंगरउताराची शेती अंगावर येऊ लागली आणि नाचणी गरिबाचे अन्न म्हणून मागे पडली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा हीच नाचणी शहरातल्या दुकानांत चकचकीत वेष्टनात दिसू लागली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. त्यातले सगळे शरीराला लागते असे नाही. मात्र मोड आणल्याने लागण्याचे प्रमाण वाढते.

मोड आणून, वाळवून, हलके भाजून दळलेल्या पिठाचा दुसरा लाभ बाळांसाठी आहे. साध्या पिठाची खीर लगेच घट्ट होते, म्हणून आई पाणी वाढवते. त्या पाण्यानेच बाळाचे पोट भरते. मोडाच्या पिठाची खीर जास्त पीठ घालूनही सैल राहते. बाळाचे पोट त्याच्या मुठीएवढे. त्यात पेजेचे पाणी भरायचे की दाट अन्न, हा प्रश्न पैशाचा नसून जागेचा आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध, वरचे पाणीदेखील नको. त्यानंतर आईच्या दुधाबरोबर मऊ आणि दाट अन्न सुरू करावे, त्यात चमचाभर तेल किंवा तूप आणि वाटलेल्या दाण्याचे कूट घालावे. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे मात्र देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटही लावू नये. ही प्रथा आपल्याकडे प्रेमाने पाळली जाते, पण ती धोक्याची आहे.

मापाचे म्हणाल, तर ग्रॅममध्ये स्वयंपाक कोणी करत नाही. सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या कमलाबाई ओगले यांनी १९७० साली 'रुचिरा' लिहिताना वाटी आणि चमचा हीच मापे धरली. ते पुस्तक घरोघरी पोचण्यात त्या वाटीचा वाटा मोठा होता, असे मला वाटते. आमच्या परिचारिकाही पालकांना वाटी दाखवूनच समजावतात. माझी एकच विनंती आहे. मुलाची वाटी वेगळी ठेवा. एका परातीत सगळे जेवले, तर धाकट्याने किती खाल्ले हे कोणालाच कळत नाही.

"आमचे पोर भाजी खातच नाही," ही तक्रार श्रीमंत-गरीब दोन्ही घरांतून येते. नवी चव मुलाला पटायला ती आठ-दहा वेळा पुढे यावी लागते. आपण दोनदा देऊन थांबतो आणि तिसऱ्या वेळी बिस्किटाचा पुडा फोडतो. काय शिजवायचे आणि कधी वाढायचे हे आईबापांनी ठरवावे. वाढलेल्यातले किती खायचे ते पोराला ठरवू द्यावे. जबरदस्तीचा घास आणि मोबाईल दाखवून भरवलेला घास, दोन्हींमुळे मूल आपली भूक ओळखायला शिकत नाही. आणि जेवणाच्या आधी तासभर चहा-बटर मिळाले असेल, तर भाजीला दोष कशाला द्यायचा? चहाचा आणखी एक तोटा आहे. तो अन्नातले लोह शरीरात शोषू देत नाही. उलट उसळीवर पिळलेले लिंबू त्याला मदत करते. लिंबू चहापत्तीपेक्षा स्वस्त आहे.

येथे माता-भगिनींविषयी बोलणे भाग आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, पाच वर्षांखालील बालकांत हे प्रमाण जवळजवळ ६९ टक्के आहे आणि दर शंभर बालकांपैकी ३५ वयाच्या मानाने खुजी आहेत. हे आकडे स्वतंत्र नाहीत. रक्तक्षयाने थकलेल्या आईचे बाळ बहुधा कमी वजनाचे जन्मते. घरात सर्वांत शेवटी जेवणारी व्यक्ती भांड्याच्या तळाशी उरलेल्या पातळ आमटीवर जेवते, आणि ती व्यक्ती कोण हे मी सांगायला नको. येथे बसलेल्या पुरुष मंडळींनी पंगतीचा हा क्रम बदलायला एक रुपयाही लागत नाही.

आपल्या हक्काचे जे आहे तेही नीट वापरावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य ठरवून दिले, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळू लागले. धान्यावर वाचलेला पैसा डाळी-अंड्यांकडे वळला, तर त्या योजनेचे चीज झाले. मोबाईलच्या रिचार्जकडे वळला, तर नाही. अंगणवाडीतून घरी येणारे पाकीट ज्या बाळाच्या नावाने येते, त्याच्याच वाटीत जावे.

आमच्या खोऱ्यात पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. चार महिने मजुरी खुंटते, वाटा बंद होतात आणि बाजार दूर जातो. म्हणून पूर्वी अगोटीची बेगमी होत असे. हुलगे, वाल, मिरची, आमसुले आणि कुंभार्ली घाटातून वर येणारी सुकट-बोंबील. सुकट हा स्वस्त आणि कसदार जिन्नस आहे. खारवलेली असेल तर धुऊन घ्यावी, एवढेच. पावसाच्या सुरुवातीला टाकळा, भारंगी, कुर्डू फुकट मिळतात. रानभाजी मात्र घरातल्या जाणत्या बाईने ओळखलेलीच आणावी आणि तिच्याच पद्धतीने शिजवावी. बेगमी उन्हाळ्यात करायची तर पैसा एकरकमी लागतो, आणि गरीब घराची अडचण नेमकी तीच आहे. बचत गटातील भगिनींनी मे महिन्यात मिळून पोत्याने कडधान्य घेतले, तर किरकोळीतला वाढीव भाव वाचतो. ज्या गटांना हिशेब मांडण्यात मदत हवी असेल, त्यांनी माझ्या कार्यालयात यावे.

शेवटी देणगीदारांना एक विनंती, थोड्या संकोचाने. वाढदिवस, पुण्यतिथी अशा दिवशी आपण बालविभागात बिस्किटांचे पुडे आणि शीतपेयांचे खोके पाठवता. त्यामागची भावना मी जाणतो आणि मुलांचे चेहरेही पाहतो. परंतु विश्वस्त मंडळाच्या संमतीने यापुढे आम्ही त्याऐवजी शेंगदाणे, गूळ, हुलगे, मूग, तूरडाळ, नाचणी आणि अंडी स्वीकारणार आहोत. त्यातून रुग्णालयाचे स्वयंपाकघर चालेल आणि घरी जाणाऱ्या प्रत्येक बालकासोबत पंधरा दिवसांची पिशवी देता येईल. वस्तुरूप देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही, हे आधीच सांगतो. ती हवी असल्यास देणगी धनादेशाने द्यावी, खरेदी आम्ही करू आणि बिलाची प्रत आपणांस पाठवू. कोठारघर सकाळी नऊ ते दुपारी एक उघडे असते. अंडी शक्यतो सोमवारी आणि गुरुवारी आणावीत.