अडचण सांगता येईल अशी शाळा, अशी कचेरी

(भिवंडी तालुक्यातील दिघाशी येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



शाळेत आणि कामाच्या ठिकाणी माणसाला रोज ज्या वैयक्तिक अडचणी येतात, त्यांना तोंड कसे द्यावे, हा आजचा विषय आहे. विषय साधा वाटतो. दुष्काळ किंवा महापूर यांसारखा तो डोळ्यांत भरत नाही. परंतु मुलाचे शाळेतून नाव कमी होते, तरुण लागलेली नोकरी सोडून घरी बसतो, चांगला कर्मचारी कामातून मन काढून घेतो, तेव्हा त्यामागे बहुधा एखादे मोठे संकट नसते. वेळेवर न सांगितलेली आणि कोणी न विचारलेली एखादी लहान अडचणच त्यामागे असते.

आपल्या तालुक्याचे चित्र

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. अलीकडच्या काळात मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास मोठमोठी गोदामे उभी राहिली आणि गावोगावचे तरुण तेथे मालाची चढउतार, नोंदणी व बांधणी करू लागले. याच तालुक्यात भातशेती आहे, वीटभट्ट्या आहेत आणि कातकरी बांधवांच्या वाड्याही आहेत. एकाच घरात एक भाऊ गोदामात रात्रपाळी करतो, बहीण माध्यमिक शाळेत जाते आणि आईबाप शेतात राबतात. म्हणून शाळेची अडचण आणि कामाची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी मानता येत नाहीत. बापाची पाळी बदलली की मुलीच्या शाळेची वेळ बिघडते. धाकट्या भावंडाला ताप आला की थोरल्या बहिणीची गैरहजेरी लागते.

हजेरीपत्रक काय सांगत नाही

वीटभट्टीचेच उदाहरण घेऊ. पावसाळ्याच्या अडचणीच्या दिवसांत कातकरी कुटुंब भट्टीमालकाकडून बयाणा घेते. दिवाळी आटोपली की ते कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर जाते आणि पावसाळा तोंडावर आला की परत येते. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र त्या मुलाच्या हातून संपूर्ण निसटते. जूनमध्ये मूल परत येते तेव्हा त्याच्या बरोबरीची मुले भागाकार करीत असतात आणि हा हातच्याच्या वजाबाकीवर अडलेला असतो. त्याला विचारले की तो मान खाली घालतो. दोन मुले हसतात. तिसऱ्या दिवशी तो शाळेच्या वाटेवरूनच मागे फिरतो.

हजेरीपत्रकात ‘गैरहजर’ एवढा एकच शब्द येतो. त्या शब्दामागे बयाणा आहे, चुकलेले धडे आहेत आणि सर्वांत जड अशी लाज आहे. लाज वाटणारे मूल आपण होऊन अडचण सांगत नाही. ती विचारावी लागते, आणि तीही चारचौघांत नव्हे.

या बाबतीत कायदा मुलाच्या बाजूचा आहे, हे सर्वांनी ध्यानी घ्यावे. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसविणे आणि त्याची उणीव भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. शाळा बदलताना दाखला येण्यास विलंब झाला, एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर आहे. मुलाला मारणे जसे निषिद्ध आहे, तसाच त्याचा मानसिक छळही निषिद्ध आहे. टोमणा मारून अभ्यास होत नाही, हे जे अनुभवी शिक्षक पूर्वीपासून सांगत आले, ते आता कायद्यानेही सांगितले आहे.

आपल्याच भागातील धडा

कायदा होण्याच्या कितीतरी आधी आपल्याच भागात हे काम करून दाखविले गेले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. पुढे १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा सारा प्रदेश त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे ध्यानी आल्यावर या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. गुरे जेथे चरत होती त्या कुरणातच शाळा भरविली. तीच कुरणशाळा. पुढे नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने याच न्यायाने वीटभट्टीवर शाळा चालविल्या. कच्च्या विटा रचून केलेल्या मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून त्या भोंगाशाळा झाल्या.

अनुताईंच्या स्वतःच्या आयुष्याकडेही पाहावे. बालपणीच लग्न आणि लगेच आलेले वैधव्य. त्यातून त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि नोकरी करीत असतानाच पुढच्या परीक्षा देत राहिल्या. त्यांची अडचण एका दिवसात दूर झाली नाही. त्यांनी ती एकेका पायरीने मागे टाकली. दोन्ही उदाहरणांत एकच गोष्ट दिसते. अडचण नेमकी कोणती, हे आधी ओळखले गेले आणि उपाय नंतर आला.

कामाच्या ठिकाणी

आता कामाच्या ठिकाणाकडे वळू. नव्याने गोदामात लागलेल्या तरुणाला संगणकावरील नोंद जमत नाही, पण विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल या भीतीने तो गप्प राहतो. नोंद चुकते, बोलणी बसतात आणि महिनाअखेर तो काम सोडतो. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. तेथील कामगाराची झोप पुरी होत नाही, चिडचिड घरी पोहोचते आणि थकवा घालविण्याच्या निमित्ताने व्यसन दारात येते. दूरच्या शाळेवर नेमणूक झालेल्या शिक्षिकेला घरी आजारी सासूबाई आणि इकडे शेवटची एस.टी., यांचा मेळ रोज घालावा लागतो. कार्यालयातील कनिष्ठ लिपिक आपल्या कामाच्या ढिगाखाली दबलेला असतो आणि साहेबांना सांगावे कसे, याच विचारात त्याचा दिवस जातो.

अशा वेळी काय करावे? माझ्या मते चार गोष्टी कोणालाही करता येण्याजोग्या आहेत.

पहिली, अडचण एका वाक्यात कागदावर लिहावी. ‘माझे काही खरे नाही’ ही अडचण नव्हे, तो सुस्कारा झाला. ‘पहिली गाडी चुकली की मला पोहोचायला उशीर होतो’ ही अडचण झाली. ती लिहिली की तिचा आकार कळतो आणि अनेकदा तो मनात वाटला होता त्यापेक्षा लहान निघतो.

दुसरी, त्यातले आपल्या हातात किती आणि दुसऱ्याच्या हातात किती, हे वेगळे करावे. लवकर उठणे आपल्या हाती आहे, गाडीचे वेळापत्रक नाही. जे आपल्या हाती नाही त्यासाठी स्वतःला दोष देत बसू नये. जे आपल्या हाती आहे त्यासाठी दुसऱ्याची वाट पाहू नये.

तिसरी, ज्याच्या हाती उपाय आहे त्यालाच सांगावे, आणि वेळेवर सांगावे. चहाच्या टपरीवर दहा जणांना सांगितलेली तक्रार साहेबांच्या कानी पोहोचते तेव्हा तिची चहाडी झालेली असते. अर्ज करावयाचा झाल्यास त्यात तारीख, घडलेली गोष्ट आणि एकच स्पष्ट मागणी असावी. प्रत जवळ ठेवावी व पोच घ्यावी.

चौथी, पुन्हा पाहण्याचा दिवस ठरवावा. पंधरा दिवसांनी अडचण कमी झाली का, हे पाहिले नाही तर केलेला उपाय वाया जातो.

मात्र सर्वच अडचणी धीराने सोसण्याच्या नसतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कामाच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ होत असेल तर ती तिची ‘वैयक्तिक अडचण’ नव्हे. २०१३ च्या अधिनियमानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. लहान आस्थापनांतील स्त्रियांसाठी जिल्ह्यात स्थानिक समितीची तरतूद आहे. तसेच बयाण्याच्या बदल्यात माणसाला अडकवून ठेवणे ही वेठबिगारी आहे आणि १९७६ च्या कायद्याने ती बंद केली आहे. अन्यायाला सहनशीलतेचे नाव देऊन कोणाला गप्प बसविणे, हे आपल्यापैकी कोणाकडूनही घडू नये. मनावरचा ताण असह्य झाला, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर तापासाठी आपण दवाखान्यात जातो तसेच यासाठीही जावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि मुलांसाठी १०९८ हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिलेला असावा.

आपले कर्तव्य

आतापर्यंत अडचण सांगणाऱ्याबद्दल बोललो. शेवटी ऐकणाऱ्याबद्दल बोलतो, कारण या सभेत ऐकणारेच अधिक आहेत. शिक्षक, अधिकारी, सरपंच यांच्याकडे लोक अडचणी घेऊन येतात. पहिल्याच वेळी आपण ‘एवढंच ना?’ म्हणून हसलो, तर तो माणूस दुसऱ्यांदा येत नाही. एकट्यात सांगितलेली गोष्ट आपण चावडीवर नेली, तर त्याच्यासोबत आणखी दहा जण यायचे थांबतात.

म्हणून काही साधी कामे सुचवितो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. या समितीने दिवाळीपूर्वी, स्थलांतराच्या तोंडावर, कोणती कुटुंबे भट्टीवर जाणार याची यादी करावी. मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे तेथील शाळेला त्याची इयत्ता व प्रगती कळेल. मागे राहण्याजोगी मुले असतील तर त्यांची सोय करावी. जूनमध्ये परतलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात प्रश्न विचारून अडवू नये, त्याला काय येते तेथून सुरुवात करावी. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिलांच्या सभेत मुलींच्या शाळेची वाट, गाडीची वेळ आणि स्वच्छतागृह हे विषय घ्यावेत. प्रत्येक कार्यालयात प्रमुखांनी आठवड्यातून एक ठरावीक वेळ आपल्या सहकाऱ्यांचे ऐकण्यासाठी राखावी.

यातील बहुतेक कामांना फारसा निधी लागत नाही. लागते ते लक्ष, आणि ऐकलेले पोटात ठेवण्याची सवय. येत्या दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव शाळेच्या आणि पंचायतीच्या दप्तरी असेल, आणि जूनमध्ये ते मूल पुन्हा आपल्या वर्गात बसलेले असेल, एवढे या सभेने मनावर घेतले तरी आजचे आपले एकत्र येणे सार्थकी लागले असे मी समजेन.