मी, मूला आणि मले

परदेशी भाषा शिकायला निघालेल्या माणसाला सगळे एकच प्रश्न विचारतात, ‘याचा उपयोग काय?’ अकोल्याच्या जुन्या शहरात मला तो दारोदारी ऐकावा लागला. इंग्रजी ठीक, जर्मनही ठीक, पण इटालियन? आणि तेही रोम-फ्लॉरेन्स सोडून ट्रिएस्ते नावाच्या गावी जाऊन? माझे उत्तर साधे होते. मला इटालियनमधून मराठीत भाषांतर करायचे होते आणि तिथला अभ्यासक्रम माझ्या खिशाला परवडत होता.

व्हेनिसहून रेल्वेने दोनेक तासांत ट्रिएस्ते येते. शेवटी गाडी चुनखडीच्या कड्यावरून जाते आणि उजव्या हाताला, एकदम खाली, एड्रियाटिक समुद्र दिसतो. मोर्णा नदी आणि महानचे धरण एवढेच पाणी पाहत वाढलेली मी खिडकीला नाक लावून बसले होते.

शहर जेमतेम दोन लाख वस्तीचे, पण इतिहास मोठा. रोमन काळातले नाट्यगृह अजून आहे. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १७१९ मध्ये हे मुक्त बंदर जाहीर केले. पहिल्या महायुद्धानंतर ते इटलीकडे गेले, दुसऱ्यानंतर सात वर्षे कुणाचेच नव्हते आणि १९५४ मध्ये पुन्हा इटलीत आले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला, तेव्हा इथली जहाजे मुंबईला येऊ लागली आणि परतताना कापूस नेऊ लागली. लगेच १८७० मध्ये आपल्या खामगावला कापसासाठी रेल्वेचा फाटा आला. बंदरावरची जुनी गोदामे पाहताना वाटले, वऱ्हाडातल्या काळ्या मातीचा कापूस माझ्याआधी इथे येऊन गेला असणार.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. इटलीत साध्या काळ्या कॉफीला नुसते ‘काफे’ म्हणतात, असे पुस्तकात पाठ केले होते. इथे तिला ‘नेरो’ म्हणतात. थोडे दूध घातले की ‘कापो’, आणि तीच काचेच्या पेल्यात हवी असेल तर ‘कापो इन बी’. वर्गात शिकवले, ‘मी’ला ‘इओ’ म्हणतात. घरी आले, तर घरमालकीणबाई चक्क ‘मी’ म्हणत होत्या!

ही त्रिएस्तीन बोली. व्हेनिसच्या बाजूच्या बोलींची ती बहीण. मी बाईंना सांगितले, ‘आमच्याकडेही मीच म्हणतात.’ त्यांनी टेबलावर हात आपटला. मग मुलगी दाखवून म्हणाल्या, ‘मूला’; मुलगा म्हणजे ‘मूलो’. प्रमाण इटालियनमध्ये ‘मूलो’ म्हणजे खेचर! दोन्ही भाषा दूरच्या एकाच कुळातल्या, म्हणून ‘मी’चे नाते खरे आहे, ‘मूला’ आणि आपले ‘मूल’ यांचे जमणे हा मात्र निव्वळ योगायोग. पण बाईंनी संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत सांगितले, की भारतात त्रिएस्तीन बोलतात.

मला नवल वाटले ते पुढेच. आमच्या शिक्षकांनी वर्गात स्पष्ट सांगितले, ‘परीक्षेत इटालियन लिहा, दुकानात त्रिएस्तीन बोला.’ तिथले वकील, डॉक्टर, प्राध्यापकही आपसांत बोलीच बोलतात. लेखक जेम्स जॉइस १९०४ ते १९२० या काळात बहुतेक वर्षे याच भागात इंग्रजी शिकवून पोट भरत होता. शहर सुटले, तरी त्याच्या घरात मुलांशी त्रिएस्तीनच बोलली जाई. त्याचा शिष्य आणि मित्र इटालो स्वेवो इथलाच. त्याच्या इटालियनला टीकाकारांनी नावे ठेवली. आज त्याची १९२३ ची ‘झेनो’ ही कादंबरी इटालियनमधल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत गणली जाते.

आणि आमचे काय? वऱ्हाडी पोरांची गाडी भुसावळच्या पुढे गेली, की ‘मले’चे ‘मला’ होते, ‘काऊन’चे ‘का’ होते, ‘डोया’चा ‘डोळा’ होतो. महाविद्यालयात माझ्या एका ‘मले’वर सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर आईचा फोन आला की मी खोलीबाहेर जाऊन, आवाज खाली करून बोलत असे. ट्रिएस्तेला मात्र वर्गमैत्रिणींसमोर आईशी मोकळेपणाने बोलले. कुणी हसले नाही. एकीने तर विचारले, ‘ही तुझी घरची भाषा का? लय छान आहे तिची.’

ज्या बोलीला आपण गावंढळ म्हणतो, तिच्या मुलखात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठीचा पहिला मोठा गद्यग्रंथ तो. मग संकोच कशाचा? प्रमाण भाषा हवीच. तिच्याशिवाय अर्ज लिहिता येत नाही, निकाल वाचता येत नाही, हे भाषणही करता येत नाही. पण तिला जागा द्यायची म्हणून आईची भाषा घराबाहेर काढायचे कारण नाही.

माझी भाची यंदा शिकायला पुण्याला गेली. निघताना तिने विचारले, ‘मावशी, तिथं मले म्हनू का मला?’ मी म्हटले, ‘पेपरात मला लिहिजो. मायले फोन लावशीन तवा मलेच म्हनजो, अन् सगळ्यांसमोर म्हनजो.’